रथाच्या दांडीवरचं कुत्रं

लातूर सोडलं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. मागच्या सीटवर टीव्हीचं रिकामं खोकं, खोक्यात माझा जुना टी-शर्ट आणि टी-शर्टवर मुठीपेक्षा थोडंसंच मोठं दिसणारं कारवानीचं पिल्लू. पहिला अर्धा तास ते गप्प होतं. मला वाटलं, चला, शहाणं निघालं. अंबाजोगाईच्या अलीकडे त्याने जे रडायला सुरुवात केली ते बीडपर्यंत थांबलं नाही. मध्ये दोनदा ओकलं. केजजवळ गाडी बाजूला घेऊन मी यूट्यूबवर ‘पपी क्राइंग इन कार’ असं शोधत होतो आणि ते माझ्या शर्टाच्या बटणात तोंड खुपसून काहीतरी हुडकत होतं. ते काय हुडकतंय हे मला तेव्हा कळलं नाही.

गेवराई, शेवगाव, नेवासा करत श्रीरामपूर तालुक्यातल्या आमच्या गावी पोचायला रात्रीचा एक वाजला. सुमारे तीनशे किलोमीटर. अण्णा ओट्यावर जागे बसले होते. आई गेल्यापासून ते घरात एकटेच असतात. मी पुण्यात कोड लिहितो आणि महिन्यातून एकदा येतो. त्यांना सोबत म्हणून हे पिल्लू. कल्पना माझीच. ‘देशी वाण वाचवा’ छापाची दहा-बारा रील्स बघितल्यावर सुचलेली.

अण्णांनी खोक्यात हात घालून पिल्लू उचललं, बल्बखाली धरलं, त्याचं तोंड उघडून बघितलं आणि विचारलं, “याची आई कुठंय?”

या प्रश्नाकडे मी शेवटी परत येणार आहे. त्याआधी थोडा इतिहास. त्या रात्रीनंतर मी बरेच दिवस एकाच गोष्टीमागे लागलो होतो. माणसं कुत्र्याला गाडीत घालून लांब नेतात, हे कधीपासून चालू आहे? उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सगळ्यात जुना पुरावा आमच्याच तालुक्यात निघाला.

दायमाबाद

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या काठावर दायमाबाद नावाचं ओस गाव आहे. शाळेत असताना आमची सहल तिथे गेली होती. पांढरी माती, काही खापरं आणि ऊन, एवढंच आठवतं. १९५८ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बो. प्र. बोपर्डीकरांनी ही जागा उजेडात आणली. तिथे तीन वेळा उत्खनन झालं: १९५८-५९, १९७४-७५ आणि १९७५ ते ७९. खाली सावळदा संस्कृती, मग उत्तर हडप्पा, मग दायमाबाद, माळवा आणि सगळ्यात वर जोर्वे. एकावर एक पाच वस्त्या. यातलं जोर्वेही आपल्याच जिल्ह्यातलं, संगमनेर तालुक्यातलं.

पण दायमाबादचं नाव जगभर झालं ते १९७४ मध्ये. छबू लक्ष्मण भिल नावाचा स्थानिक शेतकरी एका झुडपाची मुळं खणत होता. हाताला लागल्या चार ओतीव ब्राँझच्या वस्तू: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला एक रथ. प्राणी पोकळ नाहीत, भरीव आहेत आणि चाकांवर बसवण्यासाठी केलेले आहेत. रथ ४५ सेंटिमीटर लांब, १६ सेंटिमीटर रुंद. त्यात उभा असलेला माणूस १६ सेंटिमीटर उंच.

आणि त्या माणसाच्या पुढ्यात, रथाच्या लांब दांडीवर, एक कुत्रं उभं आहे.

या रथाचे फोटो मी शाळेच्या पुस्तकापासून बघत आलोय. कुत्रं कधी दिसलंच नव्हतं. रथ दिसायचा, बैल दिसायचे, सारथी दिसायचा. आता फोटो मोठा करून बघितला आणि नजर तिथेच अडकली. कुत्रं रथामागून पळत नाहीये, दोरीने बांधलेलंही नाही. ते गाडीवर आहे, चालवणाऱ्याच्या पुढे, त्याच्या नजरेसमोर. बैलांना हाकायला ते लागत नाही आणि रथाच्या तोलालाही लागत नाही. ओतकामात एक आकृती वाढवायची म्हणजे मेण, माती, धातू सगळंच वाढतं. तरीही कारागिराने ते वाढवलं. बिनकामाचा भाग कोणी मुद्दाम ठेवला असेल, तर त्याला तो महत्त्वाचा वाटला असणार, एवढं इंजिनीअर म्हणून मला नक्की कळतं.

या ब्राँझचं वय हा अभ्यासकांमधला जुना वाद आहे. म. के. ढवळीकरांनी ती उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीची मानली. डी. पी. अगरवालांनी धातूतलं आर्सेनिकचं प्रमाण बघून शंका घेतली आणि ती पुष्कळ नंतरची असू शकतात, असं म्हटलं. वस्तू उत्खननाच्या थरातून न येता शेतकऱ्याच्या खणण्यातून आल्या, त्यामुळे वाद सहज मिटणारा नाही. पण कुठलंही वय धरलं तरी एक गोष्ट उरतेच. प्रवरेच्या काठी कोणाला तरी असं वाटलं होतं, की प्रवासाचं चित्र कुत्र्याशिवाय पुरं होत नाही.

रथात घ्यायचं की नाही

रथ आणि कुत्रं म्हटल्यावर आपल्याला दुसरी गोष्ट आठवतेच. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी आणि चार भाऊ वाटेत एकेक करून पडतात. उरतो युधिष्ठिर आणि हस्तिनापुरापासून मागे लागलेलं एक कुत्रं. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, चढ, पण कुत्र्याला जागा नाही. युधिष्ठिर म्हणतो, मग मीही येत नाही. पुढे ते कुत्रं म्हणजे साक्षात धर्म निघतो.

लहानपणी ही गोष्ट मला परीक्षेतल्या पेपरासारखी वाटायची. युधिष्ठिर पास झाला, संपलं. आता वाटतं, सगळा वाद किती साधा आहे. हे जनावर गाडीत चढणार की नाही? रेल्वेच्या खिडकीवर, ट्रॅव्हल्सवाल्याशी, कॅबवाल्याशी आजही हाच वाद होतो. फरक इतकाच की बहुतेक वेळा आपण युधिष्ठिर नसतो. आपण इंद्राचं ऐकतो.

पालखीतलं कुत्रं

ऐकलं नाही असा एक माणूस मराठ्यांच्या इतिहासात आहे. छत्रपती शाहू, संभाजी महाराजांचे पुत्र. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा सात वर्षांचे शाहू आई येसूबाईंसह मोगलांच्या हाती लागले. पुढची अठरा वर्षं ते औरंगजेबाच्या छावणीबरोबर फिरत राहिले. ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब मेला तो आमच्या नगरजवळ, भिंगारला. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण आमच्या तोंडात अजून ‘नगर’च बसलंय.) त्यानंतर काही महिन्यांत, छावणी उत्तरेकडे निघालेली असताना, शाहूंची सुटका झाली. आईची मात्र झाली नाही. येसूबाई ओलीस म्हणून मागे राहिल्या आणि १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले तेव्हा त्या स्वराज्यात आल्या. मुलगा घरी पोचला आणि आई बारा वर्षांनी.

या शाहू महाराजांना कुत्र्यांचं वेड होतं. त्यातला ‘खंड्या’ सगळ्यात प्रसिद्ध. शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी आठवण साताऱ्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. संगम माहुलीला शाहू महाराजांच्या समाधीजवळ खंड्याचीही समाधी आहे. सरदारांना पालखी मिळावी म्हणून आयुष्य खर्ची घालावं लागत होतं, त्या काळात एक कुत्रं पालखीत बसून जातंय, हे बघून दरबारातल्या मंडळींना काय वाटलं असेल?

राजघराण्याची दुसरी एक गोष्ट इंटरनेटवर सारखी भेटते. मुधोळचे मालोजीराव घोरपडे यांनी शिकारी कुत्र्यांची जोडी इंग्लंडला पाचव्या जॉर्जला भेट दिली आणि तिथून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झालं. अनेक ठिकाणी या भेटीचं साल १९३७ लिहिलेलं असतं. पाचवा जॉर्ज २० जानेवारी १९३६ रोजीच वारला होता. म्हणजे एक तर साल चूक, नाही तर राजा चूक. कॉपी-पेस्ट करणाऱ्या शेकडो लोकांपैकी कोणी तपासलं नाही. त्या जोडीने बोटीतले इतके दिवस कसे काढले, हे तर कोणाच्या मनातही आलेलं दिसत नाही. भेट देणारा आणि घेणारा लिहिला जातो, जे नेलं जातं त्याचा प्रवास लिहिला जात नाही.

रेल्वे, एसटी आणि पेंढ्याचं पोतं

नगरला रेल्वे आली १८७८ मध्ये, दौंड-मनमाड मार्गाने. रेल्वेने माणसांचे वर्ग पाडले तसे कुत्र्यांचेही पाडले. आजचाही नियम साधारण तसाच आहे. एसी फर्स्ट क्लासचं पूर्ण कूपे तुमच्या नावावर असेल तर कुत्रं तुमच्याबरोबर. नाही तर गार्डच्या डब्यातली डॉग बॉक्स नावाची पेटी. स्लीपरमध्ये, एसी थ्री टियरमध्ये नाही. प्रेमाचाही वर्ग तिकिटावर ठरतो.

१ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी धावली, तीही नगरहून पुण्याला. याचा आम्हा नगरकरांना फार अभिमान. मी अठराव्या वर्षी इंजिनीअरिंगला गेलो तो त्याच रस्त्याने, एसटीनेच. अण्णा सोडायला आले होते. मला हॉस्टेलवर पोचवून ते त्याच संध्याकाळी परतले. पहिल्या रात्री मी आईने दिलेली गोधडी तोंडावर घेऊन झोपलो होतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध कुत्र्याची गोष्टही रेल्वेतच सुरू होते. हाचिको आपल्याला माहीत असतो तो शिबुया स्टेशनवर मेलेल्या मालकाची वाट बघणारा. पण तो तिथला नव्हताच. त्याचा जन्म नोव्हेंबर १९२३ मधला, उत्तर जपानमधल्या ओदाते गावचा. तोक्योत शेतकीचे प्राध्यापक असलेल्या उएनोंसाठी त्याला जानेवारी १९२४ मध्ये रेल्वेने धाडलं. भाताच्या पेंढ्याच्या पोत्यात, मालडब्यातून, सुमारे वीस तास, ऐन हिवाळ्यात. पोचला तेव्हा तो मेलाच असं वाटलं होतं. दूध पाजल्यावर हलला. १९२५ च्या मे महिन्यात प्राध्यापक वारले आणि मग ती जवळपास दहा वर्षांची वाट बघणं सुरू झालं. आपण त्याला निष्ठा म्हणतो आणि पुतळा उभारतो. मला आता वाटतं, ज्याने दोन महिन्यांचा असताना एकदा सगळं गमावलं होतं, त्याला दुसऱ्यांदा गमावणं मान्य झालं नसेल. हे शास्त्र नाही, माझा अंदाज आहे.

शीतयुद्धात तर पिल्लू हा राजनैतिक निरोपच झाला. १९६० मध्ये अंतराळात जाऊन जिवंत परतलेल्या स्त्रेल्काला पुढे पिल्लं झाली. त्यातली पुशिंका १९६१ मध्ये ख्रुश्चेव्हने केनेडींच्या घरी पाठवली. व्हाइट हाउसमध्ये येण्याआधी तिच्यात कुठे मायक्रोफोन लपवलाय का, याची तपासणी झाली. मॉस्को ते वॉशिंग्टन असा प्रवास करून आलेल्या त्या पिल्लाला लोकांनी हेर म्हणून तपासलं. स्त्रेल्काला काय वाटलं, ही बातमी कुठल्याच वर्तमानपत्रात नव्हती.

घोड्यावरचं बिऱ्हाड

आमच्या भागात दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे दिसायला लागतात. पारनेर-संगमनेरच्या पठारावरचे धनगर मेंढ्या घेऊन निघतात, काही कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत फिरतात. वाटेत शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. लहानपणी आमच्या रानातही बसायच्या. वाडा हलायचा तेव्हा आम्ही पोरं बांधावर उभी राहायचो. घोड्याच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड: भांडी, वाकळा, बांधलेल्या कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरं, कधी एखादं लेकरूसुद्धा. कुत्री व्यायलेली असली तर त्याच सामानात तिची पिल्लंही. चार-पाच डोकी वाकळेतून बाहेर डोकावत असायची.

आणि ती कुत्री घोड्याच्या अगदी मागून, मान वर करून चालत असायची.

शेकडो किलोमीटरचा प्रवास तो. पण त्यात पिल्लू घरापासून लांब जात नव्हतं, कारण घरच चालत होतं. सरकारने १९७८ मध्ये प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम केले. त्यात एक कलम असं आहे की दूध न तुटलेली पिल्लं मोठ्या कुत्र्यांबरोबर न्यायची नाहीत, अपवाद फक्त त्यांच्या आईचा. ते वाचताना मला हा घोडाच डोळ्यासमोर आला. जे वाड्यावरच्या बायांना न सांगता कळत होतं, ते आम्हाला राजपत्रात छापून सांगावं लागलं.

आठ आठवडे

२०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीचे वेगळे नियम आले. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेतले स्कॉट आणि फुलर हे दोघे संशोधक मेन राज्यातल्या बार हार्बरला वर्षानुवर्षं पिल्लांचं निरीक्षण करत होते. त्यांचं पुस्तक १९६५ मध्ये आलं. पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत जगाशी नातं जोडायला शिकतं, असं त्यांना दिसलं. यातला पहिला अर्धा भाग आई आणि भावंडांचा. चावलं की दुसऱ्याला दुखतं, कुठे थांबायचं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे तिथे शिकायचं. दुसरा अर्धा माणसांचा. पहिला अर्धा चुकला तर पुढे भरून काढता येतो, पण फार कष्टाने.

आता अण्णांचा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पिल्लाला तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हिरड्यांवरून बोट फिरवलं. पुढचे दात आलेले, सुळे आलेले, दाढा नुकत्या टोचायला लागलेल्या. “दोन महिने कोण म्हणालं? पाच आठवड्यांचं आहे फार तर.” पिल्लांचे सगळे दुधाचे दात आठव्या आठवड्यापर्यंत येतात, हे मला तिथे कळलं. ते माझ्या बटणात काय हुडकत होतं, तेही तिथेच कळलं.

परत नेऊ का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा तीनशे किलोमीटर नको, वाटेतच जाईल. गाईचं दूध देऊ नका, जुलाब होतील. पिल्लांसाठी मिळतं ते दूध पावडर करून द्या, दर तीन तासांनी. ऊब द्या. लसीचा कोर्स पुरा होईपर्यंत रस्त्यावर सोडू नका.

बाहेर आल्यावर मी ज्याच्याकडून पिल्लू घेतलं त्याला तावातावाने फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, तुम्हीच म्हणलात ना, या शनिवारीच पायजे, नंतर सुट्टी नाही. मी म्हणलं होतं तीन आठवडे थांबा.”

ते खरं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा मेसेज होता. मी अंगठा पाठवून पुढे लिहिलं होतं: ‘शनिवारच फिक्स करू.’ त्याने दोन महिने म्हणून खोटं सांगितलं हे खरंच, पण ते खोटं मला ऐकायचं होतं म्हणून मी ऐकलं. माझा स्प्रिंट सोमवारी सुरू होत होता. एका जिवाचे तीन आठवडे मी माझ्या रजेच्या हिशोबात बसवले.

फोन ठेवण्याआधी मी विचारलं, “तिचं काय? आईचं?”

“दोन दिवस हुडकत फिरली. आता खातीय.”

अण्णांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पुढचे तीन आठवडे त्यांनी मोबाइलवर दर तीन तासांचा गजर लावला. रात्रीचाही. आईच्या जुन्या नऊवारीचा तुकडा गरम पाण्याच्या बाटलीला गुंडाळून खोक्यात ठेवला. मी पुण्याहून फोन करायचो तेव्हा ते पिल्लाबद्दल बोलायचे, आणि पिल्लाबद्दल बोलता बोलता आईबद्दल. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच तिच्याबद्दल बोलत होते. यामुळे माझी चूक बरोबर ठरते असं मी म्हणत नाही. लातूरजवळच्या त्या कुत्रीला याचा काही उपयोग नाही.

पिल्लू जगलं. नाव मोत्या, कारण आमच्या घरात आजवर प्रत्येक कुत्र्याचं नाव मोत्याच होतं. आता तो वर्षाचा आहे, पायाने लांब, अंगाने सडपातळ, कारवानी असतात तसा. काही गोष्टी राहून गेल्याच. त्याला चावण्याचा अंदाज नाही, खेळताना हात फोडतो. दुसरी कुत्री दिसली की अण्णांच्या मागे लपतो. कोणी पिल्लू आणायचं म्हणालं की मी आता दोनच गोष्टी सांगतो. आधी त्याच्या आईला भेटून या. आणि सुट्टी पिल्लाच्या तारखेने काढा, तुमच्या नाही.

मागच्या महिन्यात आम्ही दायमाबादला गेलो. तिथे बघण्यासारखं काही नाही हे माहीत होतं, तरी गेलो. मी मागून बाइकवर होतो, अण्णा पुढे त्यांच्या स्कूटरवर. मोत्या त्यांच्या पायांपाशी, पुढच्या मोकळ्या जागेत उभा. हँडलच्या खालून तोंड बाहेर काढलेलं, कान वाऱ्याने मागे पडलेले. त्याला तिथे उभं राहायला कोणी शिकवलेलं नाही. गाडी सुरू झाली की तो आपणहून चढतो. प्रवरेच्या पुलावर अण्णांनी वेग कमी केला आणि एका हाताने त्याला पोटाशी धरलं.